माझ्यामागे बाबांनी कुठे राहावे

घडले ते असे.

१. एप्रिलमध्ये माकणीच्या चावडीवरचा रेडिओ दुरुस्त करताना मला धाप लागली आणि मी पायरीवर बसले. काम अर्धे राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन पुरे केले.

२. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. हृदयाची एक झडप आकसली आहे. लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाचा हा परिणाम.

३. मुंबईच्या इस्पितळात ९ नोव्हेंबरला शस्त्रक्रिया ठरली आहे. किती जण वाचतात, असे मी विचारले. त्यांनी सांगितले. उत्तर वाईट नाही, पण पूर्ण भरवशाचेही नाही.

४. बाबांना हे सगळे सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि पिठाचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

५. दादाला जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये पत्र घातले. उत्तर नाही.

म्हणून पुढील मजकूर लिहीत आहे.

मी, सिप्पोरा बिन्यामीन पेझारकर, वय २८, अविवाहित, धर्म यहुदी, समाज बेने इस्रायल, धंदा नोकरी (गावोगावच्या सार्वजनिक रेडिओ संचांची देखभाल), राहणार किल्ल्याजवळ, परंडा, जिल्हा उस्मानाबाद, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. याची एक प्रत माझे थोरले बंधू हनोख, राहणार बेरशेबा, इस्राएल, यांना विमानटपालाने जाईल. म्हणून काही ठिकाणी मी सरळ त्याच्याशीच बोलले आहे. त्यामुळे कागद बाद होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

घर. ते बाबांचे आहे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते घेतले. ते कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. छपरावरचा बांबू आणि एरियलची तार मात्र माझी आहे. ती काढू नये.

हत्यारे. मीटर, सोल्डरिंगचे सामान, पेचकस आणि सुट्या भागांची पेटी शेजारचे सायकलवाले गफारचाचा यांना द्यावी. त्यांना यातले काही वापरता येत नाही. पण उसने नेलेली वस्तू परत कशी आणायची, हे त्यांच्याइतके गावात कोणाला येत नाही. ज्या मेकॅनिकला गरज असेल त्याने त्यांच्या दुकानात बसून काम करावे आणि हत्यार जागेवर ठेवून जावे.

त्यातली लाल मुठीची पक्कड वेगळी काढावी. ती ठाण्याच्या शेगुलाआत्यांना द्यावी. आठ वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा त्या आल्या होत्या. आईला अजून न्हाऊ घालायचे होते आणि त्या दारात बाबांना म्हणाल्या, "बिन्यामीन, पोरीच्या हातात पक्कड दिलीस. आता त्या हातात हिरवा चुडा कोण भरणार?" मी आत होते, मला ऐकू आले. पक्कड चांगल्या स्थितीत आहे. मुठीवरचे रबर शाबूत आहे. त्यांनी ती खुशाल वापरावी.

मलिद्याची थाळी. आईची तांब्याची मोठी थाळी गफारचाचांच्या पत्नी रजियाबी यांना द्यावी. आमच्यात शुभ काही झाले की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, भोवती फळे. मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी तो करायचे ठरवले आणि मग अडून बसले, कारण अशा प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष असावे लागतात आणि परंड्यात ते एकटेच आहेत.

गफारचाचा म्हणाले, "धा कशाला, मास्तर, पन्नास गडी गोळा करतो."

बाबा म्हणाले, "ते आमच्यातलेच लागतात, गफार."

"मंग आमी नुसतं येऊन बसतो. तुमी मोजू नका."

ते खरेच येऊन बसले. बाबांनी मोजले नाही. प्रार्थना पुरी झाली. रजियाबी थाळी घासायला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "इलियास पैगंबर आमचे बी हायत की. थाळी माझ्याकडंच राहू दे, खोबरं मी नीट खवते." आईनंतर मलिद्याचे खोबरे त्यांनीच खवले आहे. थाळी आताही त्यांच्याकडेच असते. ती त्यांची आहे, एवढे कागदावर असावे म्हणून लिहिले.

रेडिओ. हा संच मी सुट्या भागांतून स्वतः जोडला. तो कोणाला द्यायचा हे सांगण्याआधी एक गोष्ट नोंदवते, कारण पुढचे सगळे कलम तिच्यावर उभे आहे.

१९६१ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी लघुलहरींवर काटा फिरवत होते. खरखरीतून एका बाईचा आवाज आला. शब्द मला कळले नाहीत, पण बोलण्याची घडण ओळखीची होती, आमच्या प्रार्थनेतल्या हिब्रूसारखी. बाबा अंगणात लसूण सोलत होते. ते उठले, हात धुतले, टोपी घातली आणि रेडिओसमोर उभे राहिले. मी पदर डोक्यावर घेतला. गफारचाचा बातम्या ऐकायला आलेले होते, तेही उठले. पलीकडच्या गजराबाई "काय झालं?" म्हणत आल्या. कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. बाईंचे बोलणे संपेपर्यंत कोणी हलले नाही. शेवटी बाबा "आमेन" म्हणाले.

गफारचाचा म्हणाले, "मास्तर, दोन शब्द आमच्या नमाजातल्यावानी वाटले. काय म्हणत हुती बाई?"

"सगळं नाही कळलं," बाबा म्हणाले. "आकाश म्हणाली, वारा म्हणाली, वाळवंट म्हणाली. इस्राएल लोक मिसरातून निघाले, तिथलं वाचन असावं."

मी ऐकलेले ध्वनी जमतील तसे देवनागरीत उतरवून दादाला पाठवले. तो तेव्हा सात वर्षे तिथे होता. त्याचे उत्तर आले: "बाबांना सांग, ते हवामान होते. दक्षिणेत धुळीचे वादळ येणार आहे, धुणे बाहेर वाळत घालू नका, असे ती म्हणत होती."

मी ते अंगणात मोठ्याने वाचले. गजराबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. "म्हंजे आमी समदी धुण्यापायी हात जोडून हुबी हुतो व्हय?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "या भाषेत ती धुण्याचं बोलली?"

"हो."

"आणि ऐकणाऱ्यांना समजलं? बायकांनी कपडे आत घेतले असतील?"

"घेतले असतील, बाबा."

बाबा म्हणाले, "साठ वर्षं मी ती फक्त देवाशी बोललो. माझा बाप तसाच, त्याचा बाप तसाच. मला वाटायचं, या भाषेत उत्तर देणारं खाली कोणी उरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि उभे राहिले. गफारचाचा म्हणाले, "मास्तर, आता तर ठावं हाय, हवामान हाय म्हणून."

"म्हणून तर उभा आहे," बाबा म्हणाले.

लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली कशी येते, हे मी शिकले आहे आणि इतरांना समजावू शकते. त्या संध्याकाळी तारेतून जे आले त्याची आकृती मला काढता येत नाही. शेकडो वर्षे जी भाषा आमच्या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे फिरवताना सणावारी तेवढी जपली, पुष्कळदा अर्थ न कळता, त्या भाषेत आता कोणी तरी कपडे आत घ्यायला सांगते आहे आणि परंड्याच्या अंगणात ते ऐकू येते आहे. मी संचाची सगळी जोडणी पुन्हा तपासली. सगळे नेहमीसारखे होते.

तेव्हापासून शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार आणि सण सोडून बाबा रोज उभे राहतात. बोलणे आता त्यांना बरेचसे कळते. भूमच्या बाजारावरून परतणारी माणसे गजराबाईंना विचारतात, "तिकडं पाऊस हाय का?" आणि त्या बाबांना विचारून सांगतात.

रेडिओ बाबांचा. ते परंडा सोडून गेले तर संच गफारचाचांच्या दुकानात ठेवावा आणि गल्लीने ऐकावा.

बाबा. ही मिळकत नव्हे, पण माझ्यामागे खरा प्रश्न एवढाच आहे.

दादा, तू लग्न ठरवलेस तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी, तू यहुदी आहेस का म्हणून, तुझ्याकडे आईच्या बाजूच्या पिढ्यांचा पुरावा मागितला. तू बाबांना लिहिलेस. बाबांना तुझी आजी ठाऊक होती, पणजी ठाऊक होती, तिच्या आईचे फक्त नाव ठाऊक होते आणि त्यापुढे काही नाही. त्यांनी तेवढेच प्रामाणिकपणे कळवले. तुझे उत्तर आले: "मग तुम्ही आम्हाला कोण म्हणून वाढवलेत?" त्यानंतर तुझे पत्र नाही. गेल्या महिन्यात मी वर्तमानपत्रात वाचले की तिथल्या सरकारने बेने इस्रायलांना पूर्ण यहुदी मानले आहे. तू ते माझ्याआधी वाचले असशील.

तुझे ते पत्र बाबांनी दुपारी वाचले. संध्याकाळी रेडिओ लावावा की नाही, हे मला कळेना. त्यांनीच येऊन बटण फिरवले. ज्या देशाने त्यांच्या मुलाला तू कोण म्हणून विचारले, त्या देशाच्या हवामानासाठी ते त्या दिवशीही उभे राहिले. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. यावर माझे मत लिहीत नाही.

त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसते आणि एकटे राहणे जमणार नाही. मागच्या आठवड्यात, दारफळणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांना सरळ विचारले. त्या सणाला आमचे दार दिवसभर बंद असते, आम्ही पांढरे नेसतो, कोणाशी बोलत नाही, आणि गल्लीतले कोणी कडी वाजवत नाही. दार उघडल्यावर विचारणे सोपे जाते.

"बाबा, मी नसले तर दादाकडे जायचं आहे का?"

ते म्हणाले, "भाकरी मोडताना आपण बेराखा म्हणतो, त्यात लेहेम हा शब्द येतो. तिथं म्हणे दुकानात जाऊन तोच शब्द म्हटला की पाव देतात. मला एकदा मागून बघायचंय."

"आणि नंतर?"

"नंतर तो खाईन."

म्हणून माझी इच्छा अशी. (अ) दादाने होकार दिला तर पोस्टातली माझी शिल्लक बाबांच्या प्रवासाला लावावी. दादाने स्वतः मुंबईपर्यंत घ्यायला यावे. त्यांना अनोळखी माणसाच्या ताब्यात देऊ नये. (आ) दादाने नकार दिला तर बाबा परंड्यातच राहतील. शिल्लक त्यांच्या खर्चाला. जेवण रजियाबी देतील. त्यांनी स्वतः सांगितले आहे की बाबांसाठी भांडी वेगळी ठेवतील आणि मांस-दूध एकत्र करणार नाहीत. "पोस्टमास्तर आमच्या घरात उपाशी राहतील व्हय?" असे त्या रागाने म्हणाल्या. (इ) नकार आला तर तो बाबांना वाचून दाखवू नये. पत्र आले नाही, एवढेच सांगावे. खोटे सांगायला मी प्रथमच कोणाला सांगत आहे.

माझी व्यवस्था. शस्त्रक्रियेत मी गेले तर मुंबईतच आमच्या समाजाच्या कबरस्तानात पुरावे. परंड्याला आणू नये. मुंबईत दहा पुरुष सहज मिळतील. गेलेल्यासाठी म्हणतात तो कदीश बाबांनी म्हणायचा आहे. त्यांना तिथे नेण्याचे गफारचाचांनी कबूल केले आहे. ते बाहेर उभे राहतील म्हणतात. त्यांना आत बोलवावे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम गफारचाचांकडे. त्यांना आणि रजियाबींना मी काही ठेवले असल्यामुळे दोघांचीही साक्ष घेतलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: सिप्पोरा बिन्यामीन पेझारकर

साक्षीदार:
१. महारुद्र वीरप्पा कोरे, शिक्षक, परंडा
२. तारामती रामकिसन शिंदे, परिचारिका, परंडा

परंडा, रविवार, २० सप्टेंबर १९६४

(फक्त हनोख यांच्या प्रतीवर)

दादा, मी २ नोव्हेंबरला मुंबईला निघते. निघण्याआधी बाबांना काय सांगायचे, ते मला ठाऊक असले पाहिजे. तू त्यांना न्यायला येशील की नाही, एवढेच लिही. कारण लिहिले नाहीस तरी चालेल. उत्तर २५ ऑक्टोबरपर्यंत परंड्याला पोचेल असे टाक.