रंगांची आर्या

दादा, तुमच्या मुलाने म्हातारपणी वायरीला हात लावला हे ऐकून तुम्ही हसला असता. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये मी ओट्यापाशी शाळेतल्या कविता घोकत बसायचो. वीजकेंद्रातून येऊन रिकामा डबा ठेवता ठेवता तुम्ही म्हणायचे, "कवितेनं बल्ब पेटत असता तं आम्हाले कोळसा काहून जाळा लागला असता गा?"

आता मी शहराच्या कडेला, बेशाला राहतो. तुमच्या सुनेला ऐकू येईनासं झालंय. एकदा मी फिरायला गेलो असताना शेजारीण बेल दाबून दाबून परत गेली. पुण्याच्या लेकीला कळलं, तिचा फोन आला. "आईले काही झालं तं दार कोण उघडंन? दोघंही पुण्याले चला. रविवारी येतो, मीच बेल वाजवून पाहतो." घर सुटणार या धास्तीने मी पोरांचा इलेक्ट्रॉनिक्सचा किट मागवला. दाराशी बटण, ते दाबलं की स्वयंपाकघरात लागणारा लाल दिवा, मध्ये बॅटरी आणि वीज बेताने सोडणारा रेझिस्टर.

रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, प्रत्येक रंगाचा एक अंक. अंक मला कधी लक्षात राहिले? मी रंगांची आर्या रचली, क्रमाने रंग सांगणारी कविता, आणि ती गुणगुणत जोडणी केली. रविवारी सकाळी बटण दाबलं, तर दिवा उदबत्तीच्या टोकाएवढा. खिडकीतून ऊन आलं नि तोही दिसेना. लेक स्टेशनवरून निघालेली. मी पुस्तिका उघडतो, पट्टे पाहतो, तर काय! मात्रा जुळेनात म्हणून आर्येत मी नारिंगी लालच्या आधी घेतला होता! लाल पट्ट्याऐवजी नारिंगी पट्ट्याचा, दहापट मोठा रेझिस्टर लावून बसलो होतो.

"काय शोधून राहिले जी?" हिने विचारलं.

"तपकिरी, काळा, लाल!" मी ओरडलो.

"ओरडता काहून? बहिरी हावो, आंधळी नाही." तांदळातला खडा वेचावा तसा तिने तो किटमधल्या रेझिस्टरांच्या ढिगातून उचलला. तारा कशाबशा खोचल्या, तोच फाटक वाजलं. लेकीने बटण दाबलं.

दिवा लख्ख लागला. गॅसवर दूध उतू जात होतं आणि ही दिव्याकडेच टक लावून उभी. गॅस बंद करून, पदराला हात पुसत गेली, दार उघडलं. लेक तिच्या गळ्यात पडली. पुण्याचं नाव तिने काढलं नाही.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकतो. हल्ली फिरून आलो की किल्ली खिशात असूनही मी बटण दाबतो, आणि ती येईपर्यंत दारात उभा राहतो.