कार्ड नंबर एकतीस

१२ जानेवारी, सोमवार

लाइफ जॅकेटं मोजली. सात-सातच्या आठ रांगा. रुबाबात वहीत लिहिलं — चोपन्न. बोटवाल्याने परत मोजली, एकेका जॅकेटला हात लावून. छप्पन्न! "दोन जॅकेटं कागदावरच बुडवलीत, ताई," म्हणाला. जहाज अजून धक्क्याला बांधलेलंच होतं.

सातांचा पाढा माझा चौथीपासून बिघडलेला आहे. आई जाळं दुरुस्त करत बसायची आणि मी तिच्या शेजारी बसून मोठमोठ्याने पाढे घोकायचे. चुकलं की तिला कळायचं नाही, आणि तिला कळत नाहीये हे मला कळायचं नाही. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. तपासणार कोण? चूक मजेत वाढली, आता माझ्याएवढी झाली आहे.

जहाज छोटं. बावीस पाहुणे, सगळे दूरदेशचे. सकाळी किनाऱ्यावरचे पक्षी-प्राणी, दुपारी किनाऱ्यावरची गावं, आठ दिवस. मी सहायक मार्गदर्शक. म्हणजे मोठे मार्गदर्शक — आमचे सर — बोलतात आणि मी त्यांच्या मागे छत्री, दुर्बिणी आणि कार्डांचा डबा घेऊन उभी राहते. ही माझी पहिली सफर. सफर संपताना सर माझा अहवाल लिहिणार. त्यावर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

रात्री झोप येणार नाही, हे आत्ताच नक्की करून ठेवलं आहे.

१३ जानेवारी

मगर दाखवली. मीच! "डावीकडे, झाडांच्या मुळांजवळ!" बावीस कॅमेरे वळले. एका आजोबांनी उत्साहात टोपी पाण्यात टाकली. पाच मिनिटं सगळे श्वास रोखून. मग मगरीवर एक बगळा येऊन बसला, आणि मगर हळूच उलटी झाली. ओंडका.

सर काही बोलले नाहीत. न बोलणं ही त्यांची बोलण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे.

१४ जानेवारी

आता लिहूनच टाकते. या वहीला तरी कुणी स्रोत विचारत नाही.

चाळीस कार्डं मी लिहिली आहेत. जहाजावर येण्याआधी चार महिने ऑफिसात बसून तेच काम होतं. प्रत्येक प्राण्याचं एक, प्रत्येक गावाचं एक, प्रत्येकावर बारा ओळी. सरांचा नियम असा की प्रत्येक ओळीसमोर समासात ती कुठून आली ते लिहायचं. पुस्तक असेल तर पान. माणूस असेल तर कोण, कधी भेटलं.

एकतीस नंबरचं कार्ड नदीच्या मुखाजवळच्या वस्तीचं. हा थांबा यंदाच नवीन घेतलाय. ती वस्ती माझी आहे. ऑफिसात कुणाला बोलले नाही. बोलले असते तर सर म्हणाले असते, मग जा आणि विचारून या. आणि — हे फक्त इथे — तेव्हा मला पुस्तकातली वस्ती जास्त बरी वाटली होती. पुस्तकात तिला वास नव्हता.

तर वाचनालयातून अकरा ओळी जमल्या. बारावी काही केल्या जमेना. जेवायची सुट्टी संपत आली होती. लिहून टाकलं: "जाळी दुरुस्त करताना इथल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी गातात." समोर स्रोत: स्थानिक ज्येष्ठ स्त्री, तोंडी माहिती.

स्थानिक ज्येष्ठ स्त्री म्हणजे आई. तिला मी एक अक्षर विचारलं नव्हतं.

एरवी मी भाजीवाल्याकडे जास्तीचं लिंबू आलं तर परत नेऊन देणारी बाई आहे. त्या बाईने हे केलं. शनिवारी वस्तीवर उतरायचं आहे आणि ते कार्ड मला वाचायचं आहे. स्रोताच्या समोर उभं राहून!

१५ जानेवारी

समुद्री कासव दिसलं. खरं. तीनदा खात्री केली, तोपर्यंत ते गेलं.

जेवताना शेजारी एक निवृत्त संगीत-शिक्षिका बसल्या. किरकोळ बांधा, पांढरे आखूड केस, गळ्यात रेकॉर्डिंगचं यंत्र. जगभर फिरून काम करताना गायली जाणारी गाणी गोळा करतात. दळणाची, वल्ह्यांची, विटा वाहण्याची. जाळ्यांचं एकही नाही त्यांच्याकडे. मी विचारलं, मग ही सफर का निवडली? त्यांनी पर्समधून आमचं माहितीपत्रक काढलं. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

माझं वाक्य! छापलेलं. जाड अक्षरात.

मीठ घ्यायचं म्हणून मी साखर घेतली आणि पूर्ण संपवली.

१६ जानेवारी

सरांना सांगायचं म्हणून दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा फोनवर नव्हते, म्हणून परत आले.

किनारा जवळ आला तशी फोनला रेंज आली. आईला लावला. आधी इकडचं तिकडचं. मग सहज विचारल्यासारखं —

"आई, जाळं दुरुस्त करताना तुम्ही काही गाता का ग?"

"दातात दोरा धरून कोण गाणार?"

संपलं. इतकं सोपं होतं. चार महिन्यांपूर्वी हाच एक फोन लावायचा होता.

"का ग?"

"काही नाही. पाहुण्यांना वाटतंय की तुम्ही गाता."

"कुणी सांगितलं त्यांना?"

मी गप्प. तीही गप्प. माझं गप्प बसणं तिला पाढ्यांपेक्षा बरं समजतं.

"नाही गायलं तर तुला बोलतील?"

"छे, मला कशाला बोलतील," असं मी म्हणाले. कोणत्या आवाजात म्हणाले देव जाणे. ती म्हणाली, "बघू. जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

१७ जानेवारी, शनिवार

पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. समुद्र असा की कपातला चहा हलत नव्हता. सरांनी एक गोळी दिली, कार्डांच्या डब्यातून एकतीस नंबर उचललं आणि पाहुण्यांना घेऊन बोटीने गेले. गोळी मी प्रामाणिकपणे घेतली. दुखत नसताना! उगाच वाया जायला नको.

मग वरच्या डेकवर जाऊन दुर्बिणीने बघितलं. आमचाच किनारा, आमचंच जाळ्यांचं छप्पर, खाली सात-आठ बायका. मधोमध आई. जाळं दुरुस्त करायला तिने ठेवणीतले कपडे घातले होते. पाहुणे अर्धगोलात बसलेले. सर कार्ड वाचत असावेत, कारण त्यांची मान खाली. ऐकू काहीच येत नव्हतं. आई मधूनमधून मान वर करून जहाजाकडे बघायची. मी दुर्बीण खाली घेतली. जणू तिलाही मी तेवढीच मोठी दिसत होते!

संध्याकाळी —

गायल्या! त्या गायल्या! पाहुणे बोटीतून चढले तेच सगळे एकदम बोलत. संगीत-शिक्षिका बाईंचे डोळे लाल. सर चक्क हसले. म्हणजे आईनेच मला फोनवर फसवलं? की खरंच काही जुनं गाणं आहे आणि मी तिथे अठरा वर्षं राहून ऐकलं नाही? दुसरं जास्त शक्य आहे. नाक पुस्तकात होतं.

जहाजावर बोटवाला एकटाच आमची भाषा बोलणारा. सरांना आमचे तीनच शब्द येतात: थांबा, बसा, हळू. बोटवाल्याला विचारलं, कसं होतं गाणं? तो दोर गुंडाळत राहिला.

"दोरा दातातून काढून मांडीखाली दाबला आणि गायल्या. ऐकायला हवं होतंत तुम्ही, ताई."

"कसलं होतं?"

"मी काय सांगणार? मी दुसरीत शाळा सोडली." आणि उगाचच हसला. मग म्हणाला, "मधल्या बाई विचारत होत्या, आमची पोरगी का नाही उतरली. मी म्हटलं, पोटात दुखतंय. तर म्हणाल्या, परीक्षा असली की तिला लहानपणापासून दुखतं."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"कुणाला बोललो नाही मी," तो म्हणाला.

१८ जानेवारी

सरांनी केबिनमध्ये बोलावून अहवाल वाचून दाखवला. असं ते कधी करत नाहीत म्हणे. "कामात अत्यंत काटेकोर. प्रत्येक विधानामागे खात्रीचा स्रोत." ओंडक्याचा उल्लेख नाही. उद्या दहाला बंदर लागेल तेव्हा पाकीट टपालात टाकतील. नोकरी पक्की.

आभार मानले. दोनदा. खरं तर बोलायचं दुसरंच होतं, पण तोंडातून तिसऱ्यांदाही आभारच आले असते, म्हणून बाहेर पडले. खोटं बोलले ते खरं निघालं, मग ते खोटं उरतं का? हे मी दाढी असलेल्या कुणाला तरी विचारणार आहे.

दुपारी शिक्षिका बाई यंत्र घेऊन आल्या. गाण्याचे शब्द लिहून हवेत, अर्थासकट. त्यांच्या मते गाणं फार प्राचीन आहे. दहा ओळी, प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होते, कदाचित समुद्राचं जुनं नाव असेल. आठव्या ओळीला मुख्य गाणाऱ्या बाई किंचित हसल्या, असंही त्यांनी टिपून ठेवलं आहे. तिथे काही गूढ अर्थ असणार म्हणाल्या.

लगेच ऐकते म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, डोकं दुखतंय, उद्या सकाळी. आता माझा एकेक अवयव कारणी लागत चालला आहे.

१९ जानेवारी, सकाळ

सात एके सात. सात दुणे चौदा. आई सावकाश म्हणते आहे, गाठीमागे एक ओळ. बाकीच्या बायका तिच्या मागून. सात साते एकोणपन्नास. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. सात आठे —

चोपन्न.

बाईंना दहाही ओळी लिहून दिल्या. चोपन्नचे छप्पन्न केले नाहीत. गाणं एकाच पिढीचं आहे आणि मुलीकडून आईकडे गेलेलं आहे, असं खाली लिहिलं. कार्डावरची बारावी ओळ खोडली. वर लिहिलं: "जाळी दुरुस्त करताना दातात दोरा असतो, कुणी गात नाही." समोरचं "स्थानिक ज्येष्ठ स्त्री" खोडून "माझी आई" लिहिलं.

साडेनऊ झाले. पाकीट अजून सरांच्या टेबलावर आहे. कार्ड घेऊन निघाले.

पोटात दुखतंय. या वेळी खरोखर.