बाबांच्या मशीनची आंघोळ

ती. सौ. काशीताईस,

करावे गावाहून बंडूचा नमस्कार. वाकून केला असता, पण कंबर धरली आहे. बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली का? धनाजी भावजींचे गुडघे काय म्हणतात? हे पत्र एकटी असताना वाच. फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि बाबा कायम शेजारी, म्हणून द्रोणागिरीला टेम्पो घेऊन येणाऱ्या शादाबच्या हाती पाठवतोय.

मासेमारीची बंदी लागली, होडी वर ओढली, तिच्या मागची मशीन उतरवून घरी आणली (कंबर तिथेच गेली). लगेच बाबांचा फोन: ‘मशीन गोड्या पान्यान धू. जमत नसंल त सांग, होरी इकून टाकू. रविवारी मानूस बघाला येतोय.’ आता हे काम दरवर्षी बाबा स्वतः करतात, मी फक्त पाना धरून उभा असतो (तोही बरेचदा चुकीचा). आत मीठ राहिलं तर पावसाळ्याच्या दोन महिन्यांत मशीन गंजून जाम होते, आणि मशीन बिघडवली असं बाबांना कळलं तर ते त्याच दिवशी होडीसकट सगळं त्या माणसाला देऊन मोकळे होतील. मला विचारशील तर विकावीच, रोजची कटकट जाईल. पण निदान माझ्या हातून नको.

नेमकं त्या दिवशी बिल्डिंगचं पाणी बंद. घराघरांतून बादल्या मागितल्या, मोरीमागचं निळं पिंप भरलं, काठाला मशीन अडकवली आणि दोरी खेचून चालू केली. पार्किंगमध्ये एवढा धूर झाला की सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून खाली आले आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेले. बाबांची पद्धत तुला ठाऊक आहेच: पिंपातलं पाणी जिभेला लावायचं, खारट लागलं की बदलायचं, गोडं लागलं की काम झालं. मी बोट लावलं, खारट. म्हटलं वा, मीठ निघतंय. पाणी ओतलं, पुन्हा मागून आणलं, पुन्हा लावलं, पुन्हा खारट. शेजारणी आता दार उघडेनात. मी मनात बाबांना नावं ठेवतोय की वर्षभर मशीन धुतली नाही की काय, आणि मशीन बिचारी धडधडतेय.

तेवढ्यात तेजश्री खाली आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘अहो, ताईंनी मे महिन्यात मुशी मासळी मिठात खारवली ती ह्याच पिंपात ना?’

ताई, आत हात घातला तर तळाला मिठाचा थर, दगडासारखा. म्हणजे मीठ काढायला मी मशीन मिठातच उकळत बसलो होतो. (तू पिंप धुऊन का ठेवलं नाहीस, हे भांडण गणपतीत करू.) बोनकोड्याच्या झहूर मिस्त्रीला फोन केला. तो हसला नाही, त्यानेच मी जास्त घाबरलो. म्हणाला, सुकू देऊ नको, आत्ताच्या आत्ता धू. पाणी कुठलं? शेवटी सेक्रेटरींनीच स्वतःच्या प्यायच्या पाण्याचे जार खाली पाठवले, वर निरोप, ‘एकदाचं संपवा ते.’ दुसऱ्या पिंपात धुतली. जिभेला लावलं, गोडं. मग पेट्रोल बंद करून मशीन आपोआप थांबू दिली, प्लग काढून आत ऑइल सोडलं, प्लग लावला. आता ती बेडरूममध्ये उभी आहे, चादर पांघरून. वाचली की नाही, ते नारळी पौर्णिमेला दोरी खेचल्यावरच कळेल. तोवर माझ्या जिवाला घोर.

भावजींना नमस्कार.

तुझा,
बंडू

ता. क. : रविवार होईपर्यंत बाबांना तिकडेच ठेव. डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलंय म्हण.

ता. क. २ : कटकट जाईल असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. होडी विकू नका म्हणून बाबांना तू सांग. मी बोलायला गेलो की तोंडातून भलतंच निघतं. मला ती होडी हवी आहे, ताई. आणि बाबांनी विचारलं कोणाला हवी, तर तुझं नाव सांग, माझं नको.