गेटवरचं पान

सोमवार, ७ जानेवारी १९७४
खालापूर. कामाला लागलो बुवा एकदाचा! खोलीही झाली, दारात विहीर. गोदाला सातवा महिना, तरी आल्या आल्या चूल सारवून मोकळी. आमच्या कारखान्यात ॲनिलीन बनतं, पिवळसर तेल, रंग बनवायला लागतं. मी पिंपं भरणार. शिंतोडे उडतात, पण पांढराशुभ्र गणवेश फुकट!

गुरुवार, १० जानेवारी
सुटताना मुकादम कोंडीराम गेटवर प्रत्येकाला विडा देतो. घ्या रं, म्हणतो, तोंड रंगवल्याबिगर कोनी भायेर जायाचं नाय. मी बिडीवाला, मला पान नको. खिशात टाकलं, गोदाला दिलं. जीव टाकते पानावर. आता रोज नेईन.

मंगळवार, १५ जानेवारी
गोदा म्हणते, तुमचा स्वभावच संशयी. असेल. पण फुकट पान चारणारा मालक मी तरी ऐकला नाही. आणि हात धुतो तिथे आरसा का नाही? खिळा आहे, आरसा नाही. हातमोजे कपाटात कुलूपबंद, तपासणीचे साहेब आले की बाहेर निघतात. काहीतरी शिजतंय.

शनिवार, १९ जानेवारी
गोदाला चक्कर, डोकं ठणकतं. शेजारच्या ठकूबाई म्हणाल्या, पोटुशीला व्हायचंच. नखंही निळसर दिसली. माझा गणवेश रोज हातानं चोळते, वर नीळ देते, हौस दांडगी! खूप हसलो मी.

बुधवार, २३ जानेवारी
दुपारी पिंपं धुणारी चंद्रभागा कोसळली. ओठ जांभळासारखे. कोंडीरामनं आधी काय केलं? तिच्या तोंडात पान कोंबलं! गाडी मग बोलावली. मेल्याला लाज नाही.
पिंपांवरचा जुना कामगार शुक्रा, त्याला कोपऱ्यात धरलं, तेव्हा बोलला. तेल कातडीतून रक्तात जातं. ओठ, नखं निळी पडतात. गावाला दिसू नये म्हणून पान. आणि म्हणाला, कपड्यातून बी भिनतं.
कपड्यातून.
तसाच घरी पळालो—

त्याच दिवशी
शुक्रा टेंपो आणतोय, कर्जतच्या दवाखान्यात नेणार. तोवर लिहितोय, नाहीतर वेड लागेल.
चूळ भर म्हटलं. लाल पाणी. परत. लाल. तिसऱ्यांदा स्वच्छ.
ओठ—
रोज मीच पान— माझ्याच हातानं—
ती म्हणते, थंडीनं असेल हो, घाबरू नका. विचारतेय, आजचं पान आणलंत का. खिशातच आहे.
टेंपो नाही अजून. तिनं पोटावर हात ठेवलाय. म्हणते, सकाळपासून बाळ—