आईची ओटी

राजाजीनगर, बंगळूर
१८ मे २०२५

चि. संहितास,

आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. अण्णा परवा म्हैसूरला येतायत. त्यांच्या हाती हे पत्र आणि चटणीपुडीचा डबा पाठवते. डबा हॉस्टेलभर वाट, पत्र मात्र एकटीनं वाच.

आपलं मसाल्याच्या पुडीचं काम जोरात आहे. एचएसआर लेआउटमधल्या पोरांना म्हणे आपल्या हुळीपुडीच्या सांबाराशिवाय घास उतरत नाही. अज्जींचा गुडघा बरा आहे. परवा मात्र त्यांनी मला आल्याचा काढा पाजला. मी मोबाइल लावून तिकडच्या भाषेतला सकाळचा नमस्कार घोकत होते. त्यात घशातून असा काही 'ख' काढावा लागतो, की त्यांना वाटलं मला खोकला झालाय. "स्वल्प घे गं, छाती मोकळी होईल," म्हणून पेला पुढं केला. मी गुपचूप प्याले. देवाप्पाच्या दुकानात जाऊन लोकरीचे मोजेही मागितले, भर मे महिन्यात! तो म्हणाला, "अक्का, ऊटीला काय?" मी म्हटलं, "त्याहून स्वल्प लांब."

एव्हाना तुला वास आला असेल. पुरे झालं नमनाला घडाभर तेल.

संहिता, मला रॉटरडॅमला प्रवेश मिळाला.

लिहिलं एकदाचं! अक्षर बघ कसं नाचतंय. डिसेंबरात तू ओट्यावर बसून तुझा अर्ज भरत होतीस आणि मी खाली मिरच्यांची देठं खुडत होते, आठवतं? "आई, तू पण भर. बी.कॉम. आहेस, इतक्या बायका तुझ्या हाताखाली आहेत, बिझनेस तर तुलाच जास्त कळतो," असं म्हणत तूच चेष्टेत माझाही अर्ज भरलास. पुडीच्या पाकिटांसमोर उभी करून फोटोही काढलास. पुढं तू ते विसरलीस. मी नाही विसरले.

मुलाखतीला बोलावलं तेव्हा घरी सांगितलं, घाऊक गिऱ्हाइकाशी बोलायचंय. पडद्यावर दोन प्राध्यापक दिसले आणि माझ्या तोंडून भीतीनं तेच निघालं, जे आपण बंगळुरात दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. जेवण झालं का? तिकडं तर सकाळ! त्यातल्या बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, नाही झालं, तुमच्याकडं काय आहे? मग मी डाळ भाजण्यापासून जी सुटले ती थांबेचना. वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, शेवटचे काही महिने एखाद्या कंपनीत इंटर्नशिप. मी मसाल्याची कंपनीच मागणार आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी मला लोक इंटर्न म्हणणार! गळ्यात फोटोचं कार्ड अडकवून मी सकाळी ट्रामनं कामाला जाणार! शिष्यवृत्तीसुद्धा दिली आहे गं त्यांनी.

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

तुला नकार आला त्या दिवशी तू फोनवर रडलीस. "आई, त्यांना मी नको," म्हणालीस. माझा होकार त्याच सकाळी आला होता. मी भिंतीकडं तोंड करून तुला समजावत होते. तुझ्यासाठी जीव तुटत होता आणि त्याच वेळी मनात लाडू फुटत होते. दोन्ही खरं होतं. तुला ते सांगायला जीभ रेटेना.

मग वाटलं, नको म्हणून कळवून टाकावं. लेकीच्या ताटातलं आईनं उचलावं का? अण्णांपाशी बोलले. तुझे वडील, तुझी बाजू घेतील वाटलं. ते म्हणाले, "कावेरी, तिच्या ताटातलं नाहीच ते. तुझं ताट वेगळं आहे." अज्जी म्हणाल्या, "या वयात पोरांत बसायचं? लोक काय म्हणतील?" आणि थोड्या वेळानं विचारायला आल्या, "तिकडं तांदूळ मिळतो का गं?" म्हणजे त्यांचं सरी, होकारच तो.

काल मी हो म्हणून कळवलं. आधी तुला विचारावं असं फार वाटलं. पण तू नाही म्हणाली असतीस तर मी थांबले असते, आणि मग जन्मभर मनातल्या मनात तुझ्यावर रुसून राहिले असते. तसली आई मला व्हायचं नव्हतं. तुला राग येणार. येऊ दे, चार शब्द सुनाव, पण नकार आल्यापासून धरलेला हा अबोला सोड. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, नाहीतर त्या गावाचं नावही काढू नकोस, तुझं तू ठरव. तुझ्यासाठी आणलेली निळी बॅग माळ्यावर आहे. ती मी नेणार नाही. ती तुझीच.

एक मागते. लग्नानंतर माहेराहून निघताना दर वेळी माझी आई ओटी भरायची. बस चुकली तरी चालेल, रिकाम्या पदरानं लेक जाता कामा नये म्हणायची. आता एवढी लांब निघालेय आणि ती नाही. अज्जी म्हणतात, समोरच्या घरातल्या सवाष्णीला बोलावू. मी म्हटलं, माझी ओटी संहिता भरेल. त्या दचकल्याच. "कुमारिकेनं भरायची नसते!" नसेल भरायची. पण माझा अर्ज तू भरलास, मग पदरही तूच भर. माझ्या जाण्यात कुणाचा हात असेल तर तो तुझाच आहे.

ऑगस्टच्या शेवटी देवनहळ्ळीहून विमान आहे. त्या दिवशी तांदूळ, नारळ आणि खण ताटात काढून देवापुढं ठेवीन. तू नाहीच आलीस तर रिकाम्या ओटीनं जाईन, पण जाईन. अण्णांची गाडी दारात लागेपर्यंत मात्र दुसऱ्या कुणालाही ताटाला हात लावू देणार नाही.

पदर पसरून उभी,
तुझी आई
कावेरी, विद्यार्थिनी