पहिल्या खुणेवरच्या चपला

रविवार, दिवेलागण

मला आऊट देतात म्हणजे काय! सोसायटीच्या मैदानात नातीने, ईशाने, आम्हा बायकांना किकबॉल शिकवला. घरंगळत आलेल्या चेंडूला लाथ मारायची आणि चार खुणांना शिवत धावायचं. खुणा म्हणून आमच्याच चपला.

माझी लाथ बसली. चेंडू आभाळात तरंगतच राहिला आणि मीही तरंगत पहिल्या खुणेशी पोचले. तिथे माझ्याच चपला. सवयीने पायात घातल्या नि पुढे निघाले.

"अहो आजी, खूणच घेऊन पळालात! आऊट!" समोरच्या संघातल्या कुलकर्णीबाई ओरडल्या.

"माझ्या चपला, मी घालीन!"

ईशा नुसती हसून हसून लोळत होती.

अजून तो चेंडू डोळ्यांपुढे तरंगतोय, खाली येतच नाही. दुखरा गुडघासुद्धा गप्प आहे. खुणेला शिवले म्हणजे शिवले ना? आऊट की नाही, ते उद्या ईशानेच सांगायचं. कुलकर्णीबाईंनी मधे तोंड घालायचं नाही.