अण्णांच्या जीपचं ऑइल

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ७.१०
संकल्प: दसऱ्याच्या आत अण्णांच्या जीपच्या पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल मी स्वतः बदलणार. विजया म्हणाली, दसऱ्याला पूजा करून याच गाडीतून सीमोल्लंघनाला जाऊ, तोवर हात लावू नका. पाण्याच्या मोटारीचं काय केलंत ते आठवा. या वेळी गाडी बंद पडली तर सरळ भंगारवाला. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावरच आली. व्हिडिओ अर्धा पाहिला. एवढ्यात समजलं.

११.००
विजया भिशीला गेली. खालचा प्लग पहिल्याच झटक्यात उघडला! ऑइल परातीत काढलं. मधासारखं स्वच्छ. इतकी वर्षं न बदलता असं राहिलं, हे माझ्या ड्रायव्हिंगचं श्रेय. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला कधी पाना धरू दिला नाही. आज ते हवे होते.

११.४०
वरचा प्लग, म्हणजे जिथून नवं ऑइल भरायचं तो, उघडत नाही.

१.१५
अजून नाही. व्हिडिओचा उरलेला अर्धा पाहिला. त्यात म्हणे, आधी वरचा प्लग उघडतो का बघा, मगच खालचा काढा. हे सुरुवातीला सांगायला काय झालं होतं?

सोमवार, २९
बँकेतून लवकर आलो. मागून हात घालून, पान्याला पाईप लावून जोर केला. प्लग जरासा फिरला आणि आणखी घट्ट झाला. गंज असणार. गाडी अशीच कोरडी चालवली तर गिअरचे दात जातील. विजयाने विचारलं, परात कुठाय? बघतो म्हणालो. बघतोच आहे.

मंगळवार, ३०
पाठ धरली. प्लग तिथेच. उद्याची रजा टाकली आहे. उद्या नक्की.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी, सकाळी ८.००
विजयाने पाटावर विळी, सुरी, कात्री मांडली आणि म्हणाली, तुमचे पानेपण आणा पूजेला. नाही म्हणालो असतो तर का विचारलं असतं. दिले. हळदकुंकू, झेंडू. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

११.३०
शेजाऱ्यांचे पाने पूजेत. नागापूरला गेलो. एकामागून एक वर्कशॉप पालथी घातली, सगळीकडे मशिनींना हार. पेढे मिळाले, पाना कोणी देईना. अण्णांचा जुना मेकॅनिक आप्पासाहेब म्हणाला, "साहेब, हत्यारं पूजेला बसल्यात. आज न्हाई हात लावायचा." मी म्हणालो, एका मित्रासाठी विचारतोय. "व्हय का," म्हणाला आणि अजून एक पेढा दिला.

सायंकाळी ६.००
अण्णांची गाडी माझ्यामुळे भंगारात जाणार. (गंजामुळे.) भीती वाटते. ती गेली तर अण्णांचं घरात दुसरं काही उरलेलं नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
पाने पाटावरून उचलून सकाळी सातला खाली गेलो. जीपच्या पुढून दोन पाय बाहेर आलेले. आप्पासाहेब! विजयाने बोलावलं होतं. परात तिला रविवारीच सापडली होती.

त्याने प्लग एका हाताने उघडला. म्हणाला, "वहिनी सांगत हुत्या, तुमी मागनं हात घालून फिरवत हुता, साहेब. तिकडनं उलटं पडतंय. तीन दिस आवळलाय तुमी ह्यो."

मी म्हणालो, निदान गळणार तरी नाही.

मग त्याने परातीत बोट बुडवलं. "आन् हे कशापाई काढलं? अक्षय्य तृतीयेलाच तर बदललंय मी. वहिनी दरसाल बोलावत्यात. तुमी बँकेत असता तवा. अण्णांनी गाडी त्यांच्याच तर हवाली केलती."

हवाली? शेवटच्या आजारपणात अण्णांनी किल्ली विजयाच्या हातात दिली, तेव्हा मी खाटेशेजारीच होतो. ती तिने मला द्यावी म्हणून दिली, असं मी अकरा वर्षं समजत होतो.

नवं ऑइल भरलं. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हार घातला. विजया स्टिअरिंगवर बसली, पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. तिने नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हा धरा, पण नीट धरा.

मी धरला. दोन्ही हातांनी.